चक्क्याच्या वाटेने

सुपा, ता. पारनेर
मंगळवार, २० मे २०२५

आदरणीय भालसिंग सर,

नमस्कार. काकूंनाही सांगा. गुडघा कसा आहे? संगमनेरात ऊन आमच्याइतकंच असणार, पण तुमच्याकडे निदान नदी तरी आहे. इथे माळावर दुपारी एमआयडीसीच्या रस्त्याला कुत्रंसुद्धा फिरकत नाही.

पत्र बघून हसाल. फोन केला असता, पण तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलायची लाज वाटते. शेजारच्या केबिनमध्ये ऐकू जातं. हो, केबिन. गुढीपाडव्याला मालकांनी मला डेअरीचा टेक्निकल मॅनेजर केलं. तुमच्यापर्यंत बातमी आली असणारच. तुमचा फोन आला नाही, मग मीही केला नाही. दिवाळीला तुमच्याकडे आलो तेव्हा नुसता विषय काढला होता, तर तुम्ही म्हणालात, "व्हय की, हो मॅनेजर. वाईट न्हाई काई. पन आज्या, मॅनेजरला हात खिशात ठिवाया लागत्यात. तुला जमायचं न्हाई." तुम्ही स्वतः ती खुर्ची दोनदा नाकारलेली, म्हणून मला ते जास्तच लागलं. खरं सांगतो, अजून थोडा राग आहे.

बाकी मजेत आहे. लॅबमध्ये चौदा वर्षं मला रोज एकच प्रश्न असायचा, आज दही साडेचार तासांत लागलं की पाच. आता दिवसाला चाळीस प्रश्न असतात आणि एकाचंही उत्तर थर्मामीटरवर दिसत नाही. टेम्पोवाल्याने दूध उशिरा आणलं, तर त्याला बोलायचं की मेव्हण्याच्या लग्नाची सुट्टी द्यायची? पॅकिंगच्या दोघीजणी संक्रांतीपासून एकमेकींशी बोलत नाहीत, त्यांची शिफ्ट कशी लावायची? हाताला काही कामच नाही. घरी मी थर्मामीटर घालून विरजण लावतो. रुपाली म्हणते, "मॅनेजर झालात ना, आता दह्याला तरी सुखानं लागू द्या."

तिने नगरहून मला कातडी बूट आणलेत. मॅनेजरने चपलेत फिरू नये म्हणे. फिरणं मात्र खूप होतं. दूध उतरवायची जागा, पॅकिंग, कोल्ड स्टोरेज, चक्क्याचा विभाग, सगळीकडे. चक्क्याच्या विभागात तर मी चौदा वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. तुम्हीच टाकू दिलं नव्हतं.

माझ्या जागी लॅबला सायली साळवे आहे. गेल्या जूनमध्ये वर्षाच्या बोलीवर माझ्या हाताखाली लागली, तुम्ही तिला पाहिलेलं नाही. हात चांगला आहे. सकाळी आठला सगळ्यांनी कल्चर रूममध्ये जमून दही चाखायची तुमची पद्धत तिने चालू ठेवली आहे. मी आठला मीटिंगमध्ये असतो.

एक वाईट बातमी आहे. गेल्या मंगळवारी सहा हजार लिटर दूध लागलंच नाही. सकाळी टाकीचं झाकण उघडलं, तर दूध जसंच्या तसं पातळ. सगळं ओतून द्यावं लागलं. नमुना बाहेर तपासला, तर आपला 'चोर'च निघाला. म्हणजे तुम्ही ज्याला चोर म्हणायचात तो विषाणू, विरजणाचे जिवाणू मारणारा. सायलीने रविवारी गावी जायच्या घाईत कल्चर हाताळताना काळजी घेतली नाही आणि चोर आत शिरला. सोमवारी बुद्धपौर्णिमा, ती रजेवर होती. त्या रविवारच्या बाटलीतूनच सोमवारी मोठं विरजण झालं आणि तेच टाकीत पडलं. मग खोली धुऊन काढली, डीप फ्रीजमधला तुमचा विरजणाचा दुसरा संच वापरला. शुक्रवारपासून दही नीट लागतंय. तुम्ही जपून ठेवलेल्या त्या बाटल्या नसत्या, तर ऐन लग्नसराईत आम्हाला तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

सायलीला मेमो दिला आहे. ३१ तारखेला तिचं वर्ष भरतं. मालक म्हणतात, कायम करू नका. कागद टाइप होऊन माझ्या टेबलावर पडलाय, सही माझी लागते. तुम्ही असता तर काय केलं असतं? दोन ओळी लिहा.

छबूबाई बरी आहे. अजून तीच फरशी पुसते. हल्ली माझ्याशी फारसं बोलत नाही, वय झालं असेल.

आपला,
अजिनाथ शेळके
टेक्निकल मॅनेजर


सुपा
गुरुवार, २९ मे २०२५

सर,

पाकीट मिळालं. तुमचं पत्र असेल म्हणून जेवण टाकून फोडलं, तर आत माझंच पत्र. लॅबचे रिपोर्ट परत करायचात, तसं परत केलंत. एका वाक्याखाली पेन्सिलची रेघ आणि समासात तुमचं बारीक अक्षर: "हे पाहिलंस, का ठरवलंस?"

तुम्ही नेमकं तेच वाक्य धरलंत, सायलीच्या घाईचं. मी ते लिहिताना पेन एकदाही उचललं नव्हतं. एवढ्या सरळ अक्षरात मी खरं कधी लिहीत नाही, हे तुम्हाला माहीत असणार.

लॅबमधल्या पहिल्या दिवशी तुम्ही वही हातात देऊन सांगितलं होतं. पाहिलेलं लिहायचं, वाटलेलं नाही. खोडरबर चालणार नाही, पांढरी शाई चालणार नाही. चुकलं तर त्यावर एकच रेघ मारायची, अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला खरं लिहायचं, सही करायची, तारीख टाकायची. तर आता पाहिलेलं लिहितो.

रविवार, ११ मे. पुण्याच्या एका हॉटेलची माणसं प्लांट बघायला आली होती. मी त्यांना फिरवलं. चक्क्याच्या विभागात यंत्र चालू होतं, दह्याची निवळी उडत होती. माझ्या नव्या बुटांवर शिंतोडे आले. मी रुमालाने पुसले. पाहुणे साडेबाराला गेले.

मी परत निघालो आणि कल्चर रूमपाशी थांबलो. आतून तो उकळलेल्या दुधाचा आणि स्पिरिटच्या दिव्याचा वास येत होता. सायली सकाळचं काम उरकून गावी गेली होती. छबूबाई बाहेर फरशी पुसत होती. ती म्हणाली, "सायेब, बूट." मी म्हणालो, "दोनच मिनिटं, छबूबाई."

दारावर तुमच्या अक्षरातली पाटी आहे: 'चक्क्याच्या वाटेने आलेल्याने आत येऊ नये. मालक असला तरी.' ती पाटी लावली त्याच आठवड्यात तुम्ही मालकांना त्या दारातून परत पाठवलं होतं, पाहुण्यांच्या देखत. निवळीत चोर असतो, तो पायाने, कपड्याने, कशानेही येतो. हे मी स्वतः दरवर्षी नव्या मुलांना शिकवलं आहे. पण त्या दुपारी मला पाटी दिसलीच नाही. मी चक्क्याच्या वाटेने आलेला माणूस आहे, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. चौदा वर्षांत मी कधी त्या वाटेने आलोच नव्हतो ना. त्या दाराशी आलो की मी लॅबचाच असायचो.

माझ्याकडच्या किल्लीने दार उघडून आत गेलो. सायलीची बाटली बाहेर काढून पाहिली. मनाशी म्हटलं, जरा पातळ दिसतेय. पातळ नव्हती, सर. चांगली होती. मला फक्त कारण हवं होतं. ती मोरीत ओतली. दिवा पेटवला, मूळ विरजणाची बाटली उघडली, पिपेट धरलं आणि नवी बाटली लावली. दहा मिनिटं लागली असतील. पाडव्यापासून मला एवढं बरं कधी वाटलं नव्हतं. मग तिच्या बाटलीवरची चिठ्ठी सोडवून माझ्या बाटलीला चिकटवली, म्हणजे सोमवारच्या माणसाचा घोटाळा नको. वहीत काही लिहिलं नाही. वहीत सायलीची सही आहे.

मंगळवारी टाकीचं झाकण उघडलं, तेव्हाच मला कळलं. रिपोर्ट आल्यावर नाही. तिथेच, शिडीवर उभा असताना.

मालकांनी विचारलं, "कल्चर कुणी हाताळलं?" कुणीतरी वही आणली. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "तपास करतो." तेवढंच म्हणालो. पुढचं सगळं आपोआप झालं. रजा, घाई, मेमो, कागद. मॅनेजरला खोटं बोलावंही लागत नाही, नुसतं गप्प बसलं तरी पुरतं.

आणि याहून वाईट पुढे आहे. सायली रोज माझ्या केबिनमध्ये येत होती. "सर, मी नेहमीसारखंच केलं होतं. माझं कुठं चुकलं असेल?" मी तिला शक्यता सांगत होतो. हातमोजे असतील. दिव्याची ज्योत कमी असेल. पंख्यातून आलं असेल. पाच शक्यता सांगितल्या. तिने त्या वहीत उतरवून घेतल्या आणि एकेक तपासायला लागली.

काल छबूबाईला एकटीला गाठलं. विचारलं, "मालकांना सांगितलं का नाही?"

"म्या? सायबाच्या इरोधात फरशीवाली?"

"मग मला त्या दिवशी नीट अडवायचं तरी."

"अडवलं की. बूट म्हनलं. आज्या हुतास तवा फडकं घिऊन मागं लागले असते. आता तुमी सायेब. सायबाला येकदाच सांगायचं असतं."

मी घाबरलो आहे. मालक भले आहेत, पण मॅनेजरची चूक त्यांना चालत नाही. खुर्ची गेली तर लॅबमध्ये परत यायलाही जागा नाही, तिथे सायली आहे आणि ती जागा मी स्वतःच तिला दिली. तेलही गेलं आणि तूपही गेलं, अशी गत होईल. हे सगळं पंधरा दिवस घोळवत बसलो होतो, आणि त्या पंधरा दिवसांत ती पोरगी स्वतःत नसलेली चूक शोधत होती.

माझं पहिलं पत्र सोबत पुन्हा पाठवतोय. त्या वाक्यावर एक रेघ मारली आहे, खालचं वाचता येतं. बाजूला लिहिलंय: 'कल्चर मी हाताळलं. चक्क्याच्या विभागातून सरळ आलो, बुटांसकट.' सही केली आहे, तारीख टाकली आहे.

उद्या सकाळी मालकांकडे जातोय. तुम्हाला सांगून ठेवलं, म्हणजे आता मागे फिरता येणार नाही.

अजिनाथ


सुपा
रविवार, ८ जून २०२५

सर,

तुमचं उत्तर आलं नाही, तरी लिहितोय. हिशेबाने पुढचं पान माझंच आहे.

मालकांनी सगळं ऐकून घेतलं. मग दार लोटून म्हणाले, "अजिनाथराव, हे आणखी कुणाला बोललात?" मी तुमचं नाव सांगितलं. "भालसिंगांचं ठीक आहे, ते संगमनेरात. आता दुसऱ्या कुणाला बोलू नका. पोरीला कायम करून टाकू. मेमो कोण वाचतंय? पण मॅनेजर चुकतो, हे कामगारांना कळलं की ते उद्या डोक्यावर बसतील."

सौदा काही वाईट नव्हता. तिची नोकरी राहत होती, माझी खुर्ची राहत होती. कबूल करतो, त्यांच्या केबिनच्या दारापर्यंत मी तो मान्यही केला होता.

तिथून कल्चर रूमवरून गेलो. दार उघडं होतं. सायली स्टुलावर चढून भिंतीतला पंखा सोडवत होती. माझी तिसरी शक्यता. केसात जळमटं, दातात स्क्रू धरलेला. मी बूट काढले आणि उंबऱ्याच्या बाहेरूनच तिला सांगितलं.

ती खाली उतरली. रडेल असं वाटलं होतं, रडली नाही. म्हणाली, "मला तपासायला आला होता का?"

"नाही. माझ्यासाठीच आलो होतो."

"माझी बाटली कशी होती?"

"चांगली होती."

"ओतून दिली?"

"हो."

तिने हातातला स्क्रू टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "आईला मी सांगितलंय, माझ्या हातून सहा हजार लिटर दूध गेलं म्हणून. ती आता कुणाच्या दारात बसायला जात नाही, सर. लोक विचारतात, तुमच्या पोरीचं काय झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या शिफ्टला सगळ्यांना पटांगणात थांबवून सांगितलं. कुणी डोक्यावर बसलं नाही. पॅकिंगच्या त्या दोघी मात्र एकमेकींकडे बघून हसल्या, संक्रांतीनंतर पहिल्यांदा. मालक दोन दिवस बोलले नाहीत, मग मला मेमो दिला. नोकरीतला पहिलाच. खुर्ची तूर्त आहे, दिवाळीला बघू म्हणाले. १ तारखेला सायलीच्या गावी जाऊन तिच्या आईलाही सांगितलं. त्यांनी चहा दिला. निघताना म्हणाल्या, "हे तुमी आमच्या गल्लीत सांगून जा." मग चार घरी जाऊन सांगितलं.

सायली ३१ लाच कायम झाली. तिचा मेमो फाडणार होतो, तिनेच हात धरला. मग त्यावर एक रेघ मारली, खाली खरं लिहिलं, सही केली, तारीख टाकली. ती म्हणाली, "असू द्या फायलीला. वाचता येऊ द्या."

आणि तिने एक गोष्ट मागितली. कल्चर रूमची माझ्याकडची किल्ली. तुम्ही निवृत्त होताना माझ्या हातात ठेवलेली, त्याच दोऱ्यासकट. मी म्हणालो, ही सरांची आहे. ती म्हणाली, "म्हणूनच मागतेय." तुम्हाला न विचारता देऊन टाकली. रागावला असाल तर लिहा. दिली त्या दिवशी घरी गेल्यावर मी जेवलो नाही. रुपालीने विचारलं, तर म्हटलं, पोट बरं नाही. पोट बरं होतं.

पाटीवर तुमच्या 'मालक असला तरी'च्या खाली सायलीने नवी ओळ लिहिली आहे: 'मॅनेजर असला तरी.' छबूबाईने मला ती दोनदा मोठ्याने वाचायला लावली. तिला स्वतःला चांगलं वाचता येतं. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा म्हणाली, "आता कळलं व्हय रं, आज्या?"

मीटिंग मी नऊला नेली आहे. आठला त्या दाराशी जाऊन उभा राहतो. आत सगळे चाखतात, सायली माझा चमचा उंबऱ्याबाहेर देते. काल दही किंचित गोड लागलं. अर्धा तास आणखी ठेव, हे अगदी ओठावर आलं होतं. ती माझ्याकडेच बघत होती. मी म्हणालो, "तुला काय वाटतं?"

"अर्धा तास आणखी ठेवते," ती म्हणाली, आणि आत गेली.

माझे हात खिशात होते, सर. जमायचं नाही म्हणाला होतात. अजून नीट जमत नाहीच. आत जावंसं रोज वाटतं, आणि ते कमी होईल असंही वाटत नाही. काकूंना नमस्कार. गुडघा सांभाळा.

तुमचा,
उंबऱ्याबाहेरचा
आज्या